सातवा प्रांत

आमच्या कपाटात, माझ्या पैठणीच्या वरच्या खणात, जुन्या हॉलंडचे सात प्रांत राहतात. खरं म्हणजे सहाच राहतात. सातव्याची जागा रिकामी आहे, आणि त्या एवढ्याशा रिकाम्या जागेने आमच्या संसारात जी जागा अडवली आहे, ती बाकीच्या सहांना मिळूनही अडवता आलेली नाही.

याची सुरुवात माझ्या जोडव्यांपासून झाली. आमचे हे तेव्हा लोट्याला एका केमिकल कंपनीत केमिस्ट होते. शिफ्टची नोकरी, राहणं तिकडेच, सुट्टीला रत्नागिरीत. एकदा येताना चिपळुणात उतरून त्यांनी माझ्यासाठी जोडवी आणायची असं ठरलं होतं. हे सोनाराच्या दुकानात गेले तेव्हा तो मोडीत आलेली चांदी वितळवायला मुशीत टाकायच्या बेतात होता. वाकलेले पैंजण, फुटकी अत्तरदाणी, आणि त्यांत एक काळं पडलेलं, कडेला चेपलेलं मोठं नाणं. नाण्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. यांनी ते चांदीच्या भावाने विकत घेतलं आणि जोडवी तिथेच राहिली. घरी आले ते असे काही हसत, की मला वाटलं जोडव्यांबरोबर पैंजणही आणलेत. ती जोडवी मला अजून मिळालेली नाहीत. आता बोटंही पूर्वीची राहिली नाहीत, पण विषय निघाला की मी आपला पाय पुढे करते.

मग पुस्तकं आली, भिंग आलं, सोनाराकडे असतो त्याहून नाजूक असा वजनाचा काटा आला. आणि मला, मी न विचारता, कळलं की त्या काळी हॉलंड असा एक सलग देश नव्हताच. सात प्रांतांनी बांधलेली ती मोट होती, आणि प्रत्येक प्रांत आपापली चांदीची नाणी पाडायचा. चित्रं सगळ्यांची साधारण सारखीच. कुठे सिंह, कुठे तलवार घेऊन उभा शिपाई, कुठे भाला धरलेली बाई. पण प्रत्येकावर आपल्या प्रांताची खूण, एक बारीकशी ढाल. एकाच भावकीतल्या सात घरांनी गणपतीची एकच आरती आपापल्या चालीवर म्हणावी, तसंच ते. डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तेव्हा ही चांदी आपल्या किनाऱ्यावर फिरली असणारच, असा यांचा सिद्धांत. प्रत्येक प्रांताचं एकेक नाणं जमवायचं, एवढाच माफक हट्ट.

मी पोस्टात होते. जमवायचंच तर तिकिटं जमवा, हलकी असतात, शिवाय बायको खात्यातलीच आहे, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी फक्त रजिस्टरची पावती हरवलेल्या माणसाला पाहताना पाहिलं होतं.

सिंहाच्या नाण्याची एक गोष्ट हे आल्यागेल्याला सांगतात. ही नाणी अरबांच्या मुलखात गेली तेव्हा तिकडच्या लोकांना त्यावरचा सिंह कुत्र्यासारखा दिसला, आणि त्यांनी त्याचं नावच कुत्रेवालं नाणं असं ठेवून दिलं. इतकं सांगून हे चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, समोर धडधडीत सिंह आहे, आणि माणसाला दिसतो काय, तर कुत्रा. माणूस आपल्या मनातलंच बघतो. पाहुणा मान डोलावतो. मी बशा उचलते. खरं सांगायचं तर मलाही तो कुत्राच वाटतो, आणि तोही उपाशी.

या प्रांतांचे नियम आमच्या घरातल्या देवांपेक्षा कडक. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, धरायचं तर कडेने. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही, उजळायचं नाही. एका दिवाळीला समया घासायला काढल्या तेव्हा मी सहज म्हटलं, ती तुमची काळी पोरंही द्या, चिंचेत बुडवून लख्ख करून देते. हे खुर्चीतून असे उठले, की शेजारच्यांना वाटलं घरात साप निघाला. मग मला समजावून सांगण्यात आलं, की तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं वय आहे. ते पुसलं की नाणं मेलं. मी म्हटलं, हे इतकं कळतं तर मग माझ्या केसांना मेंदी लाव म्हणून मागे का लागता? त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

निवृत्त झाल्यावर यांनी समुद्रही सोडला नाही. पावसाळ्यात उधाण येऊन गेलं की हे स्कूटर काढून आरे-वारेला जायचे. लाटांनी वाळू खरवडून नेलेली असते, अशा वेळी काही वर येतं, असं कुठेतरी वाचलेलं. मी एकदा बरोबर गेले. हे खाली मान घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते आणि पर्यटक त्यांना विचारत होते, काका, चावी हरवली का? एवढ्या फेऱ्यांत हाती लागलं ते म्हणजे बाटल्यांची बुचं आणि एक बऱ्यापैकी कालथा. तो कालथा मी अजून वापरते.

तरी एकेक करत सहा प्रांत आले. राहिला एकच. त्याचं नाव ओव्हरआयसेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते गाडीत घालायचं तेल वाटलं. यांनी सांगितलं, आयसेल नावाची नदी आहे, तिच्या पलीकडचा तो प्रांत. म्हणजे आपला खाडीपलीकडचा. त्याच्या ढालीवर सिंह असतो आणि सिंहाच्या अंगावरून आडवी एक लाटांची रेघ जाते, ती नदी. ही आडवी नदी म्हणजेच त्याची ओळख. दुसऱ्या कुणाच्या सिंहावर ती नाही. एकदा हे नाणं लिलावात हातचं गेलं. एकदा घरी आलं, काट्यावर बसलं आणि खोटं निघालं. त्या दिवशी हे ताटावर बसले आणि नुसता भात चिवडून उठले. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते का हवं असतं हे दुसऱ्याला कळत नाही, पण हवं असतं एवढं कळतं.

आता माझ्या माहेराकडे यावं लागेल, कारण गोष्ट तिकडेच गेली.

माझं माहेर मांडवीचं. वडिलांच्या होड्या होत्या, आता दादाचा ट्रॉलर आहे. होडीवाल्यांचे जावई असून आमचे हे होडीत बसले की त्यांना मळमळतं. लग्नानंतर पहिल्यांदा दादाने त्यांना हौसेने खाडीत फिरवून आणलं, तेव्हा हे हिरवे होऊन उतरले, आणि तेव्हापासून दादा त्यांना दर भेटीत विचारतो, भावोजी, येताय काय जरा बाहेर, वारा चांगला सुटलाय. हे दर भेटीत हसतात आणि जिन्याचा कठडा धरतात.

आमचं घराणं पूर्वी कुठून आलं कोण जाणे, पण कुलदैवत खंडोबा. देवघरात त्याचा चांदीचा टाक. टाक म्हणजे देवाची मूर्ती ठोकून उठवलेला चांदीचा तुकडा, बहुतेक घरांत असतो तसाच. आमचा जरा मोठा, गोल, काठाला चांदीचीच कड बसवलेला आणि मागे लाख भरलेला. घोड्यावर बसलेला खंडोबा, हातात उगारलेली तलवार. रोज गंध, फूल, भंडारा, म्हणजे आपली हळद. आई मला कडेवर घेऊन दाखवायची, हा देव, हा घोडा, आणि हा बघ घोड्याच्या पायाशी त्याचा कुत्रा. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. वर्षानुवर्षं बोट फिरून देवाचं तोंड गुळगुळीत झालं होतं आणि खालच्या खोलगट जागेत हळद बसून दगडासारखी झाली होती, त्यामुळे कुत्रा म्हणजे एक पिवळा उंचवटा. पण तो कुत्रा आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. दहावीच्या निकालाला, पोस्टाच्या परीक्षेला, लग्नाच्या दिवशी, मी डोकं टेकलं ते तिथेच. हे तिथे नमस्कार करायचे तो लांबून, फुलांच्या ढिगाला, जावयाने करावा तेवढाच.

दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी देव उजळून घेतात. टाक फारच झिजला असेल तर तो सोनाराकडे नेऊन वितळवायचा आणि त्याच चांदीचा नवा टाक घडवायचा. जुन्या देवाची चांदी नव्या देवात गेली पाहिजे, नाहीतर देव घर सोडून जातो, असं आमच्याकडे मानतात. भटजी येऊन टाक बघून गेले आणि म्हणाले, देवाचं तोंडच उरलेलं नाही, नवा करा.

तर एका दुपारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, कोऱ्या खणात टाक बांधून आमच्याकडे आली. सोनार ओळखीचा असला तरी आपली चांदी किती हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं, आणि भावोजींचा काटा तर केसाचंही वजन सांगतो, तेव्हा जरा करून द्या, असं तिचं म्हणणं. यांना कोण आनंद झाला. तोवर त्या काट्याचा घरात कुणाला उपयोग झाला नव्हता. मी एकदा केशर मोजायला मागितला तर मिळाला नव्हता.

वहिनीने खण सोडला. पहिल्यांदाच टाक फुलांवाचून समोर आला. यांनी तो कडेने उचलला, सवयीने, आणि तिथेच थांबले. टाक म्हणजे पातळ पत्रा असतो. हा हाताला फार जड लागला. यांनी तो उलटा केला. मागच्या लाखेचा एका बाजूला टवका उडाला होता. तिथे हे बघत राहिले. मग काट्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, आणि अगदी साध्या आवाजात वहिनीला म्हणाले, काटा जरा नीट लावावा लागेल, उद्या सकाळी मीच घेऊन येतो. वहिनीला चहा घेऊन जायची घाई होती. ती गेली.

दार लागल्याबरोबर हे म्हणाले, "हा टाक नाही. हे नाणं आहे."

मी हसले. यांना परातीतल्या भाकरीतसुद्धा नाणं दिसतं. पण त्यांनी पुस्तक आणलं, पान काढलं आणि टाकाशेजारी ठेवलं. डच प्रांतांचा चांदीचा घोडेस्वार. तोच उधळलेला घोडा, तीच डोक्यावर धरलेली तलवार. अक्षरं असतात ती जागा आमच्या चांदीच्या कडेखाली झाकली गेली होती. मागे लाखेच्या टवक्यातून एक सिंहाचा पंजा दिसत होता. आणि पुस्तकातल्या घोड्याच्या पायाशी, आमचा कुत्रा बसतो नेमकी त्या जागी, एक बारीकशी ढाल होती. प्रांताची खूण.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या टाकाकडे हात न जोडता पाहिलं. तेव्हा मला दिसलं, की देवाच्या पायात बूट आहेत. मला यांचा इतका राग आला, जसे काही ते बूट यांनीच त्याला घातले.

हे मात्र कुठल्या कुठे पोचले होते. हळदीच्या थराकडे बोट करून म्हणाले, याच्याखाली ढाल आहे, दोन थेंब पाणी पुरे, कापसाने हलकेच काढतो, प्रांत कळेल. मी म्हटलं, माझ्या माहेरचा देव आहे तो, पारोशाने हात लावायचा नाही. एरवी रविवारी बारापर्यंत बनियनवर बसणारा माणूस भर दुपारी आंघोळीला गेला. तेवढ्यात मी टाक उचलला, माझ्या देवघरात ठेवला आणि समोर पाट घेऊन बसले. हे टॉवेलवर बाहेर आले, मला पाहिलं, आणि तसेच उभे राहिले. इतर वेळी मी त्या ध्यानाला पोट धरून हसले असते.

मग हे समोर जमिनीवर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. तेवढ्याच वजनाची शुद्ध चांदी मी सोनाराला देतो, म्हणाले. नवा टाक होईल, लग्न पार पडेल, आणि हा वाचेल. कुणाला कळणार नाही.

मी म्हटलं, "मला कळेल."

 खरं म्हणजे त्यांनी मागितलं ते वावगं आहे हे त्यांनाही दिसत होतं. त्यांचे कान लाल झाले होते. पण बाकीचा पेच तसाच उरला. गप्प बसलो तर उद्या हे नाणं मुशीत जाणार, आणि मुशीतून नाणी वाचवण्यापासूनच तर या माणसाचा सगळा छंद सुरू झालेला. बोललो तर नाणं वाचेल, पण माझ्या भावाच्या घरातला देव जाईल. ज्याला पिढ्या न् पिढ्या हळद लावली तो कुणा परक्या शिपायाचं चित्र होता, हे लग्नाच्या तोंडावर त्यांना सांगायचं कुणी? मला नाण्याचं काही नव्हतं. मला दादा-वहिनीच्या तोंडाची भीती वाटत होती. आणि जरा आत बघितलं तर माझीही वाटत होती. उद्यापासून मी डोकं कुठे टेकणार?

संध्याकाळी मी त्या टाकापुढे दिवा लावला. लावताना बूट दिसले. तरी लावला. यांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर जमा केलं.

सकाळी स्कूटरवरून मांडवीला जाताना हे एवढंच म्हणाले, की सांगायचं, आणि मागायचं नाही. मी मागे बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एका हातात खणात बांधलेला टाक होता.

दादा पडवीत पेपर वाचत होता. त्याने रिवाजाप्रमाणे वाऱ्याची चौकशी करून घेतली. हे बसले, पुस्तक उघडलं आणि सुरू झाले. पण नेहमीसारखं पाहुण्यांना सांगतात तसं नाही. अडखळत, घाम पुसत. नाणं कुठलं, घोडेस्वार कोण, वेंगुर्ल्याची वखार, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, वितळवू नका एवढंच सांगायला आलो, पुढे तुमची इच्छा. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. मी जमिनीकडे बघत होते.

दादाने पुस्तकातलं चित्र बघितलं, टाक बघितला, आणि चष्मा काढला. मला वाटलं आता हा रडतो की काय. तो हसत होता.

"भावोजी," दादा म्हणाला, "त्याच्या पायात बूट हायत, ता आमाला दिसत नाय काय?"

  मग दादाने जे सांगितलं ते मला, त्या घरच्या लेकीला, कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या पणजोबांच्या जाळ्यात हा आला होता. मासळीत, चिखलात, घोड्यावर बसून. पणजोबा म्हणाले, समुद्रातून घोडा घेऊन आपल्या होडीवर दुसरा कोण येणार? घरी आणला, कड बसवली, लाख भरली, देवघरात ठेवला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिने सासऱ्यांना भीत भीत विचारलं होतं, की खंडोबा आहे तर म्हाळसा कुठे आहे? सासरे, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, मागून येईल, तिची बोट चुकली असेल.

हे हसले नाहीत. ते वहिनीकडे बघून म्हणाले, की पण वहिनी, तो खंडोबा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं तर...

"कोण म्हणतो नाय?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आला तवा ज्या कपड्यात व्हता, त्या कपड्यात आमी त्याला घेतला. आता कपडे बघून भायर काढू काय?"

 मला एकदम मोकळं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच पदराने पुस्तकावरची धूळ पुसली. रात्रभर मी ज्यांच्या श्रद्धेची काळजी वाहत होते, त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा पुष्कळ धडधाकट होती.

मग वहिनीने निकाल दिला. असलं परत मिळणार नसेल तर मुशीत नको. इतक्या लांबून आलेल्याला आपल्या हाताने जाळायचं नाही. भटजींना काय ते मी सांगते. लग्न याच देवावर होईल. एवढं बोलून ती थांबली आणि यांच्याकडे वळली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने सरळच विचारलं, "तुमाला हवाय काय?"

आमच्याकडे अशा प्रश्नाला छे छे म्हणायचं असतं. मी यांच्या छे छेची वाट बघत होते.

"हवाय," हे म्हणाले. "फार हवाय. पण नेणार नाही."

दादाने चष्मा परत लावला आणि यांच्याकडे जरा वेळ नीट पाहिलं. त्या दिवसानंतर त्याने वाऱ्याची चौकशी केलेली नाही.

पण वहिनी ती वहिनी. तिने आतून ताम्हन आणलं, कोमट पाणी आणलं आणि चिंचेचा गोळा आणला. लग्नाला देव असा मळका चालायचा नाही, म्हणाली, आणि चांदीतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, तेव्हा तुम्हीच उजळून द्या, जावयाचा मान. यांनी चिंचेकडे अशा नजरेने पाहिलं, की मला त्या दिवाळीची आठवण झाली. नाणं धुवायचं नसतं, हे पुटपुटले.

मी म्हटलं, "नाणं धुवायचं नसतं. देव धुवायचा असतो."

 हे उठले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पाटावर बसले. तेवढ्यातही केमिस्टने घासाघीस केलीच. राख नको, रांगोळी नको, चिंचेचं पाणी पातळ, आणि घासायचं नाही, कापसाने टिपायचं. वहिनी म्हणाली, बाळाला आंघोळ घालताय की देवाला? पण कापूस आणून दिला.

ते ताम्हनावर वाकले. ज्यांनी उभ्या जन्मात नाण्याच्या तोंडाला बोट लावलं नव्हतं, त्यांनी त्या गुळगुळीत तोंडावरून अंगठा फिरवला. पाणी पिवळं झालं. तलवार निघाली, घोड्याचे पाय निघाले. मग घोड्याच्या खालची ती दगड झालेली हळद भिजली, सैल झाली आणि कापसाबरोबर एक खपली निघून आली.

यांचा हात थांबला. मी शेजारी टॉवेल धरून उभी होते, जराशी वाकले. पाण्याखाली एक बारीकशी ढाल होती. तिच्यात सिंह. आणि सिंहाच्या अंगावरून आडवी, झिजलेली पण स्पष्ट, लाटांची एक रेघ.

 इतकी वर्षं ज्याला हसत आले तो प्रांत माझ्या आईने मला कडेवर घेऊन दाखवला होता. यांच्या हातात होता. खिशात भिंग होतं, ते त्यांनी काढलं नाही.  मला वाटलं, सांगा. निदान एवढं तरी मोठ्याने सांगा.

वहिनी पुढे झाली आणि तिने विचारलं, काय निघालं हो खाली, इतकं बघताय ते?

यांनी ताम्हनातलं पाणी ओंजळीत घेऊन टाकावर सोडलं.

"कुत्रा आहे, वहिनी," हे म्हणाले. "खंडोबाचाच."